तळ्याचा काठ आणि रजेचा हक्क

गळ टाकून मासे धरणे या विषयावर पक्षाच्या साप्ताहिकात लेख कशासाठी, असा प्रश्न अनेक कार्यकर्त्यांना पडेल. महागाई, बेकारी आणि कंत्राटी मजुरी यांनी श्रमिकांचे जगणे असह्य केले असताना असल्या हौशींसाठी कोणाला सवड आहे, असेही कोणी म्हणेल. या आक्षेपातील ‘सवड’ हा शब्दच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सवड कोणाला आहे, कोणाला नाही, ज्याला नाही त्याची ती कोणी हिरावून घेतली, आणि कधी मिळालीच तर ती घालवण्यासाठी या शहरात त्याला जागा कोठे उरली आहे, हे प्रश्न वेतन आणि बोनस यांच्याइतकेच राजकीय आहेत.

२०२५ च्या नोव्हेंबरात, १६ ते २२ तारखेपर्यंतचा पूर्ण आठवडा मी एका जुन्या मित्राबरोबर गोड्या पाण्यातील मासेमारीत घालवला. हा मित्र भांडुपला राहतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका इंजिनिअरिंग कारखान्यात तो टर्नर होता, युनियनच्या कमिटीवरही होता. कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, आणि साठीला टेकलेला हा कुशल कामगार आज तशाच एका टॉवरच्या फाटकावर कंत्राटदाराचा रखवालदार म्हणून बारा तासांची पाळी करतो. कारखान्यात असताना त्याला वर्षाकाठी भरपगारी रजा मिळत असे. ‘पी.एल.’ म्हणजे काय, हे त्या काळी कामगारवस्तीतील पोराटोरांनाही ठाऊक होते. कारण मे महिन्यात किंवा गणपतीत गावी जाणे बापाच्या पी.एल.वर अवलंबून असे. आज त्याला रजा नाही. बदली माणूस मिळवून दिला आणि सात दिवसांची मजुरी सोडली, तेव्हा कोठे हा आठवडा त्याच्या पदरी पडला. सुटी त्याला मिळाली नाही, त्याने ती स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन विकत घेतली. हे मी त्याच्याच तोंडून दुसऱ्या दिवशी ऐकले, आणि त्यानंतर गळाकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली.

भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही उपनगरे ज्या डोंगराभोवती वसली आहेत, त्याच्या कुशीत तीन तलाव आहेत. मिठी नदी अडवून बांधलेला विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला. मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते त्यातून. त्याच्या वरच्या अंगाला १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. पाण्याची टंचाई भागेना म्हणून १८९०-९१ मध्ये घाईघाईने पवईचा तलाव बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही आणि लवकरच ते केवळ उद्योगधंद्यांच्या व अन्य वापरापुरते उरले. हे तीनही तलाव सार्वजनिक पैशाने बांधलेले आहेत. माझ्या मित्राच्या वस्तीपासून टेकडी ओलांडली की विहार, आणि बसच्या टप्प्यावर पवई. असे असूनही आम्हा दोघांना सात दिवसांपैकी सहा दिवस गळ टाकण्यासाठी लोकलने दूर जावे लागले.

याची कारणे पाहण्याजोगी आहेत. विहार आणि तुळशी हे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत आणि त्यांचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते. तेथील मासेमारीवरील निर्बंध योग्यच आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न पवईचा आहे. तेथे हौशी गळवाल्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे आणि गळ टाकण्यासाठी सभासदत्व अथवा परवाना लागतो. पाण्याची राखण करायची तर काही शिस्त हवीच, हे मान्य केले पाहिजे. परंतु खरा अडथळा परवान्याचा नाही, तो पाण्याचाच आहे. पहिल्या दिवशी आम्ही काठी न उघडता नुसते काठाने फिरलो. जलपर्णीचा हिरवा गालिचा पाण्यावर पसरला होता. भोवतालच्या इमारतींचे आणि वस्त्यांचे सांडपाणी रोज एक कोटी लिटरांहून अधिक प्रमाणात या तलावात येते, आणि त्यावर पोसलेल्या जलपर्णीखाली पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा पाण्यात तगून राहतो तो प्रामुख्याने चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेतील. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि तळ्यातळ्यांत माजला. मगरी अजून आहेत. सकाळी त्या उन्हाला येऊन पडतात. त्याच काठावर लक्षावधी रुपये भाड्याच्या सदनिका ‘तळ्याचे दर्शन’ हा गुण सांगून विकल्या जातात. म्हणजे दर्शन विकणाऱ्याला नफा मिळतो, आणि घाण मात्र सर्वांच्या मालकीची होते. भांडवलशाहीचे अर्थशास्त्र समजावून सांगण्यासाठी अभ्यासवर्गात याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

म्हणून सोमवारपासून आम्ही टिटवाळ्याला, काळू नदीवर जाऊ लागलो. शेवटचे दोन दिवस वांगणीकडे उल्हास नदीवर काढले. भांडुपहून ठाण्याला गाडी बदलून पस्तीसेक किलोमीटरचा प्रवास. सकाळी आमची गाडी रिकामी असे, आणि समोरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात माणसे लटकलेली असत. मित्र त्या गाडीकडे पाहून म्हणाला, “अरे, कंपनीचा भोंगा वाजला की उरलेला दिवस माझा असायचा. आता दिवस आणि रात्र दोन्ही ठेकेदाराची.” कामाच्या तासांचा हिशेब करताना हा लोकलमधला वेळ कोणीच धरत नाही. बारा तासांच्या पाळीला तीन तासांचा प्रवास जोडा, झोप वजा करा, आणि मग त्या माणसाला सभेला का येत नाहीस असे विचारा.

मासेमारीचे साहित्य साधे होते. बांबूच्या दोन काठ्या, तंगूस, गळ, शिशाचे वजन, तरंगायला बुचाचा तुकडा, आमिषाला गांडुळे आणि हळद घालून मळलेली कणीक. गांडूळ लावले की शिंगटी येते, क्वचित मरळ. कणकेवर रोहू येतो. मरळ उथळ, गवताळ पाण्यात असते, हवेवर श्वास घेते आणि पिलांची राखण करते. पिलांचा तांबूस पुंजका पाण्यावर दिसला की मित्र तेथून काठी उचलून घेई. त्याच्या वडिलांनी त्याला घालून दिलेला हा नियम होता. लहान मासा तो ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडी. लेथवर उभे राहून हजारो वेळा माप घेतलेल्या त्या हातांना घाई ठाऊक नाही. बूच बुडाले तरी तो क्षणभर थांबतो आणि मगच मनगट फिरवतो. चार दिवसांनंतर मला जाणवले की मी त्याला इतक्या वर्षांत प्रथमच कामाविषयी बोलताना ऐकत होतो. कारखान्यातील यंत्रे, नवे जॉब, एका संपाच्या वेळी घडलेले पेचप्रसंग, त्याचे वडील, त्याची वाचायची राहून गेलेली पुस्तके, सर्व काही त्या काठावर निघाले. हा माणूस मोर्चात नेहमी माझ्या शेजारी चालला. पण मोर्चात बोलण्यास सवड नसते.

नदीवर आम्ही एकटे नव्हतो. वांगणीच्या बाजूला एक वयस्क कातकरी आपल्या नातवाबरोबर पाग टाकत होता. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी गटांपैकी कातकरी हा एक. त्याने आमच्या काठ्यांकडे पाहून हसत सांगितले की आम्ही बसलो होतो त्या डोहात त्या वेळी मासा नसतोच, आणि ऊन तापल्यावर कोठे बसावे ते दाखवले. त्याच्या सांगण्याप्रमाणे बसलो आणि तासाभरात दोन शिंगट्या लागल्या. बोलता बोलता कळले की दिवाळी सरल्यामुळे दहा-बारा दिवसांत त्याचे घरचे वीटभट्टीवर जाणार. उचल घेऊन झाली होती. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती अंगावरून फेडायची. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला; परंतु उचलीचा दोर अजून तुटलेला नाही.

मार्क्स आणि एंगेल्स यांनी १८४५-४६ मध्ये लिहिलेल्या, पण १९३२ पर्यंत पूर्णपणे प्रसिद्ध न झालेल्या ‘जर्मन आयडिऑलॉजी’ या ग्रंथात एक प्रसिद्ध कल्पना आहे. ज्या समाजात श्रमविभागणीचे बेड्यांसारखे बंधन उरणार नाही, तेथे माणूस एकाच दिवसात शिकार, मासेमारी, पशुपालन आणि चिंतन यांपैकी जे वाटेल ते करील, आणि त्यासाठी त्याला जन्मभराचा शिकारी किंवा मच्छीमार व्हावे लागणार नाही, असा तिचा आशय. या कल्पनेची स्वप्नाळू म्हणून थट्टा करणारे पुष्कळ आहेत. परंतु उल्हास नदीच्या त्या काठावर तीन माणसे बसली होती. मी निवृत्त आहे. माझ्या निवृत्तिवेतनाने माझी सवड राखली आहे. माझ्या मित्राने सात दिवसांची मजुरी देऊन ती घेतली होती. आणि तिसरा मासे धरत होता तो पोटासाठी, त्यालाही भट्टीचा बोलावा आलेला. पाणी एकच, गळाला लागणारा मासाही तोच; पण तिघांचा वेळ तीन वेगवेगळ्या मालकांचा होता. वर्गभेद केवळ ताटात दिसत नाही, तो घड्याळातही दिसतो.

याच आठवड्यात, शुक्रवारी २१ नोव्हेंबरला, केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. आम्हाला ते शनिवारी गाडीत वर्तमानपत्रातून कळले. या संहितांविषयी सविस्तर चर्चा अन्यत्र होईलच. येथे रजेपुरते पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळे. नव्या संहितेत ही पात्रता १८० दिवसांवर आली आहे. ही सुधारणा आहे, तिला सुधारणा म्हणण्यास संकोच नको. परंतु त्याच संहितेने कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेली. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचे दैनंदिन तास नऊवरून बारापर्यंत वाढवू देणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली होती. जादा कामास कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. पण ज्याच्या जागेवर यायला फाटकाबाहेर दहा माणसे उभी आहेत, त्याची संमती किती खरी, हे कोणत्याही युनियन कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या मित्राला बारा तास कधीच लागू झाले आहेत. मंत्रिमंडळाने फक्त त्यांना दरबारी वस्त्रे चढवली.

महाराष्ट्राच्या कामगार चळवळीचा आरंभच मुळी सुटीच्या मागणीने झाला, याचे विस्मरण होता कामा नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्यातून एक दिवस विश्रांती मागितली. ती मागणी मान्य होण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पवईच्या तलावाचे बांधकामही त्याच सुमाराचे. मजुराला रविवार आणि शहराला तलाव एकाच काळात मिळाले, पण तो रविवार त्या तलावाच्या काठी घालवण्याचा हक्क मजुराला कोणी दिला नाही, कारण तो कोणी मागितलाही नव्हता. पुढे आपल्या राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदाने निर्वाहवेतनाबरोबरच विश्रांतीचा पुरेपूर उपभोग आणि सांस्कृतिक संधी कामगाराला मिळवून देण्याचा प्रयत्न राज्यावर सोपवला. घटनाकारांनी भाकरी आणि सवड एकाच वाक्यात ठेवली, हे लक्षणीय आहे.

फ्रान्समध्ये १९३६ साली लेऑन ब्लूम यांच्या नेतृत्वाखालील लोकआघाडीच्या सरकारने संपांच्या लाटेनंतर चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा यांचा कायदा केला. त्या सरकारातील लेओ लाग्रांज या तरुण समाजवादी मंत्र्याने कामगारांसाठी सवलतीच्या दराचे रेल्वे तिकीट काढले. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कामगार कुटुंबे त्या उन्हाळ्यात सायकली, तंबू आणि गळाच्या काठ्या घेऊन बाहेर पडली. मालकवर्गाच्या वर्तमानपत्रांनी त्यांची टवाळी केली. सुटीची टवाळी करणारे नेहमी तेच असतात ज्यांना ती मागावी लागत नाही. बेकारी आणि फॅसिझम यांचे सावट असतानाही त्या सरकारला रजेचा कायदा चैन वाटला नाही. भुकेचा प्रश्न सुटल्यावर मग सवडीचे पाहू, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. लोखंड्यांच्या मागे उभे राहिलेले गिरणी कामगारही पोटभर जेवलेले नव्हते.

सवड मिळाली तरी जागा हवी, हा प्रश्नाचा दुसरा भाग. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठ्यावर सर्वांचा हक्क, हे तत्त्व या भूमीत फार मोठी किंमत देऊन प्रस्थापित झाले आहे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि तो कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. तेथे प्रश्न माणुसकीचा होता. गळ टाकण्याची त्याच्याशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु सार्वजनिक तळे म्हणजे काय, याचा अर्थ महाराष्ट्राला तेथेच प्रथम स्पष्ट झाला. आमच्या उपनगरांत गोरेगावच्या मृणालताई गोरे यांनी नळाच्या पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांना रस्त्यावर आणले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. नळातले पाणी हा हक्क आहे, हे त्यांनी प्रस्थापित केले. तळ्यातले पाणी स्वच्छ असणे आणि त्याचा काठ मोकळा असणे हाही हक्क आहे, हे म्हणणे त्याच परंपरेतील पुढचे पाऊल होय. पवईच्या काठाने भराव घालून सायकलमार्ग बांधण्याचा महापालिकेचा प्रकल्प मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तळ्याला सजावट नको, सांडपाणी थांबलेले हवे, हाच त्या लढ्याचा अर्थ.

येथे एक रास्त शंका निघेल. शहरी कामगारांसाठी नद्या-तळी मोकळी करा म्हटले की आदिवासींचा घास आपणच काढून घेणार नाही काय? म्हणूनच क्रम ठरवून घेतला पाहिजे. ज्याचे पोट पाण्यावर आहे त्याचा हक्क पहिला, हौस करणाऱ्याचा नंतरचा, आणि ठेकेदाराचा मुळीच नाही. हे अशक्य नाही. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी, आपल्या सुनीलभाईंसारख्या समाजवादी कार्यकर्त्यांच्या साथीने लढून, जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. १९९६ पासून दहा वर्षे तवा मत्स्य संघाने सहकारी तत्त्वावर तो चालवून दाखवला. पुणे जिल्ह्यात डिंभे धरणाने उठवलेल्या आदिवासींनीही मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ज्या जलाशयावर स्थानिकांची सहकारी संस्था आहे, तेथे हौशी गळवाला पाहुणा म्हणून गेला तर कोणाचेच नुकसान नाही. उलट त्याने दिलेल्या परवाना शुल्काचा पैसा ठेकेदाराऐवजी गावात राहील, आणि उचलीशिवाय चूल पेटवण्यास त्याचा थोडा तरी हातभार लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. पहिले काम रखवालदार, सफाई आणि घरपोच वस्तू पोचवणाऱ्या कामगारांच्या रजेचे. महाराष्ट्रात माथाडींचा १९६९ चा कायदा झाला आणि त्याच धर्तीवर खाजगी सुरक्षारक्षकांचा १९८१ चा. मंडळामार्फत नोंदणी झालेल्या रक्षकाला रजा व इतर लाभ मिळण्याची सोय त्यात आहे. परंतु एजन्सींना दिलेल्या सवलतींनी तिला मोठे भगदाड पडले आहे. प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील इमारतींच्या फाटकांवर जाऊन रक्षकांची नोंदणी, पाळीचे तास आणि साप्ताहिक सुटी यांची पाहणी करावी. ज्या सोसायटीत आपण स्वतः राहतो त्या सोसायटीच्या फाटकापासून आरंभ करावा. तेथे मालक आपणच आहोत. दुसरे काम पवईचे. सांडपाण्याची तोंडे किती बंद झाली, किती उरली, याचा हिशेब महापालिकेकडून प्रभागवार आणि जाहीर मागावा, आणि काठ कोणत्याही विकासकाच्या कुंपणात जाऊ देऊ नये. तिसरे काम, गोड्या पाण्यातील मासेमारीचे ठेके काठावरील आदिवासी आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनाच मिळावेत, यासाठी ठाणे, पालघर आणि रायगडमधील साथींबरोबर उभे राहण्याचे.

दरवर्षी १० जूनला आपण लोखंड्यांचे स्मरण सभागृहात करतो. यापुढे ते पवईच्या काठावर व्हावे, आणि तेथे बोलण्याचा पहिला मान अशा कामगाराला मिळावा ज्याला त्या दिवशी यायला मजुरी बुडवावी लागली. त्या सभेत त्याला एकच प्रश्न विचारावा: तुला आठ दिवसांची भरपगारी रजा मिळाली, तर तू काय करशील? उत्तरे निरनिराळी येतील. कोणी गावी जाईन म्हणेल, कोणी झोपेन म्हणेल, कोणी मासे धरीन म्हणेल. ती सर्व उत्तरे आपल्या मागणीपत्रकात असली पाहिजेत.